हनुमंतमामांचा एकुलता रोल

दुकान बंद करायच्या वेळी हनुमंतमामा दारात हजर. माझ्या टेबलावरचा पत्र्याचा डबा उचलायचे, काखेत मारायचे आणि घरी न्यायचे. सकाळी शटर वर जायच्या आत डबा घेऊन परत उभे. डब्यात त्यांच्या बायकोच्या फोटोंच्या निगेटिव्ह होत्या. "राहू द्या की इथंच," मी वैतागून म्हणायची. मामा मान हलवायचे. "बाईमाणूस ती, अम्मा. परक्या घरी रात्री कसं ठेवायचं?"

जुन्या निगेटिव्ह आणि स्लाइड स्कॅन करून मोठे प्रिंट काढायचं माझं म्हैसुरात छोटंसं दुकान. मामा आमच्याच गल्लीतले. घराणं कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांचं, हे मात्र कारकुनी करून निवृत्त झालेले. बायको, सुशीला, लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तापानं गेली. चामुंडी टेकडीवर काढलेला एवढा एकच रोल. प्रिंट वाळवीनं खाल्ले, आणि निगेटिव्ह दमट कपाटात चिकटून त्यांची पार वडी झालेली.

"इतक्या वर्षांनी आता घाई कसली, मामा?" मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "तिचं तोंड आठवेना झालंय. कुंकू येतं, साडीचा काठ येतो. तोंड येत नाही. डोळे मिटून बसलो तर शेजारणीचं तोंड येतं. असं कसं चालेल?" मी चहा मागवला.

ओढून सोडवल्या असत्या तर निगेटिव्ह फाटल्या असत्या. बंगळूरचा एक जाणकार येतो म्हणाला होता, पण त्याचं येणं लांबत होतं. "तोवर हात लावू नका," मी मामांना बजावलं. ते रोज विचारायचे, मी रोज थांबा म्हणायची. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता.

एका सकाळी ते रिक्षातून झाकणाची बादली घेऊन उतरले. आत येऊन ती माझ्या स्कॅनरशेजारी ठेवली आणि झाकण काढलं. गढूळ पाण्यावर काचेसारख्या कोऱ्या पट्ट्या तरंगत होत्या.

"सुम्ने, नुसतं बसून किती राहायचं? गरम पाण्यात सोडा घालून भिजवल्या. आमच्या घरात कापड असंच धुवायचे. पक्का रंग गरम पाण्याला भीत नाही." मामांनी एक पट्टी उजेडात धरली. "सुटल्या बघ एकेक. पण ती दिसत नाही त्यात."

फिल्मवरचं चित्र म्हणजे जिलेटिनचा पातळ थर. सोड्याच्या गरम पाण्यात तो सुटून जातो. माझं डोकं असं फिरलं की शब्द ओठांपर्यंत आले होते. तेवढ्यात मामांनी बादलीकडे बोट केलं. "नोडम्मा, बघ, पाण्यातच आहे ती. एक थेंब टाकला नाही मी. हे पाणी मशीनवर ठेवून बघ."

मशीन पाणी वाचत नाही, हे कोणत्या तोंडानं सांगणार? एकेक पट्टी टिपून स्कॅनरवर ठेवली. मामा पडद्याला नाक लावून बसलेले.

"काहीच नाही?"

"काहीच नाही, मामा."

ते रडले नाहीत. बादलीचं झाकण घट्ट बसवलं आणि टी. नरसीपूरची बस कधी आहे ते विचारलं. मी शटर ओढलं आणि त्यांच्यासोबत गेले. बसमध्ये बादली त्यांच्या मांडीवर होती, मला धरू दिली नाही.

तिथल्या नद्यांच्या संगमावर ते गुडघाभर पाण्यात उतरले आणि बादली हळूहळू रिकामी केली. वर येऊन पायरीवर बसले आणि हमसाहमशी रडायला लागले. मी पाठीवर हात ठेवला.

"अस्थी इथंच सोडल्या होत्या, अम्मा," ते म्हणाले. "तेव्हा रडलो नाही. म्हटलं, घरी फोटो आहेत."