पूजा खुर्चीवर चढली तो रविवार

आम्रपाली बाईंचा इंग्रजीचा क्लास सांगलीत हळदीच्या गोदामामागच्या खोलीत भरायचा. साल असेल चौऱ्याण्णव-पंच्याण्णव. पोरं शिंकत शिंकतच इंग्रजी शिकायची. बाई मूळच्या म्हसवडच्या, बौद्ध. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, लपवाछपवी काही नव्हती. तरी मोठमोठ्या घरांतली पोरं यायची, कारण या बाईकडं गेलेलं पोर बोलायला लागतं असा बोलबाला होता. गरज पडली की माणसं भिंतीकडं बघत नाहीत, हे काय नव्यानं सांगायला हवं?

क्लासात खुर्ची एकच, आणि तीही बाईंची नव्हे. रोज एक पोर त्या खुर्चीवर चढायचं आणि बाई खाली सतरंजीवर पोरांत बसायच्या. खुर्चीवरच्यानं आपल्या घरातलं काहीतरी इंग्रजीत सांगायचं. पुस्तकातलं पाठ केलेलं चालायचं नाही. चुकलं तरी कुणी हसायचं नाही. मग बाई विचारायच्या, "व्हाय?" आणि पोरानं कारण सांगितलं की त्याची पाठ थोपटायच्या. त्या थापेसाठी पोरं भांडायची.

पूजा तेवढी कधी चढली नाही. आठ वर्षांची पोर. शाळेत मास्तरांनी छड्या मारमारून तिचं तोंडच बंद करून टाकलं होतं. इंग्रजी सोडा, मराठीतसुद्धा हूं की चूं नाही. बाईंचा तिच्यावर लय जीव. मांडीवर घ्यायच्या, सुटलेली वेणी घालून द्यायच्या, कानाशी कुजबुजत एकेक शब्द शिकवायच्या. पोरही त्यांना मांजरासारखी चिकटून बसायची.

तिची आजी मनुबाई. उसाची बागायत, दोन्ही मुलगे फौजेत, आणि घरात हिचाच शब्द चालायचा. एक दिवस दारातूनच म्हणाली, "आवं मॅडम, पोरगी अजून मुकी ती मुकीच. आयतवारी मी सोता येती. बोलली तर ठीक, न्हाईतर बास करा."

पूजा इथून गेली तर शाळेतल्या छड्याच तेवढ्या उरणार आणि ती कायमची मिटणार, हे बाईंना दिसत होतं.

रविवारी मनुबाई आली ती गोदामातलं स्टूल मागवून उंबऱ्याबाहेरच बसली. आत या म्हटलं तर म्हणाली, "हितं वारं लय चांगलं हाय." बाईंचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यांचा सगळा जीव पूजात.

पूजा खुर्चीवर चढली. ओठ नुसतेच हलले. बाईंनी खालून मान डोलावली, आणि पोर बोलली. न अडखळता, खणखणीत इंग्रजीत म्हणाली, इथून घरी गेले की आजी मला रोज अंघोळ घालते.

बाईंचे डोळे भरून आले. आणखी ऐकायच्या हावेनं त्यांनी विचारलं, "व्हाय?"

"बिकॉज यू टच मी."

एकही चूक नाही. ठरल्याप्रमाणं पोरं हसली नाहीत. हसली असती तर बरं झालं असतं.

"काय म्हणली पोरगी?" मनुबाईनं बाहेरून विचारलं.

बाईंनी शब्दाला शब्द मराठीत सांगितला. आता तरी म्हातारी मान खाली घालेल असं त्यांना वाटलं. कसलं काय.

"व्हय की," मनुबाई कौतुकानं म्हणाली, "खरंच हाय ते. म्हंजी आलं की इंग्रजी पोरीला. आता रोज धाडती." कनवटीचा गुळाचा खडा काढून तिनं बाईंच्या ओंजळीत वरून टाकला.

पूजा उतरली आणि थापेसाठी बाईंकडं पाठ करून उभी राहिली. बाईंचा हात वर गेला, तसाच मागं आला. पोरीनं थोडा वेळ वाट बघितली, मग वळली. आता तिला बोलायची भीती उरली नव्हती.

"व्हाय, बाई?" तिनं विचारलं.