भाऊंच्या खाजेची गोळी

मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहिलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, गिऱ्हाईकच आणून देतं. आमचं दुकान परळला. मित्र जमले की म्हणतात, "सांग रे एखादा." मी सांगतो, ते हसतात. पण खरं सांगू? यातल्या प्रत्येकात मान खाली घालायची पाळी माझ्यावरच आलीय. शेवटचा तर मी अजून कुणाला सांगितलेला नाही. तो माझ्या वडिलांचा आहे, आणि माझ्या हातची कुठलीही गोळी ते न विचारता तोंडात टाकायचे.

*

मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. माटुंग्याच्या एका शाळेतल्या बाई शिंकत शिंकत आल्या. मी सर्दीची जुनी, स्वस्तातली गोळी दिली. झोप येईल हे सांगायचंच विसरलो!

दुसऱ्या दिवशी बाई हजर. परीक्षेत सुपरव्हिजनला बसल्या आणि खुर्चीतच झोपल्या. म्हणाल्या, "पूर्ण पेपर होईपर्यंत वर्गात कुणी हूं की चूं केलं नाही. इतका गुणी वर्ग मला आयुष्यात मिळाला नव्हता."

त्या वर्षी अख्खा वर्ग पास झाला म्हणे.

*

तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सगळं समजावून सांगायला लागलो. की बाबा, हिस्टामिन नावाचं एक रसायन असतं. अंगात ते खाज आणतं, शिंका आणतं. पण मेंदूत तेच आपल्याला जागं ठेवतं. जुन्या गोळ्या मेंदूत शिरून त्याचं काम बंद पाडतात. डॉक्टर झोपेच्या गोळ्या देतात ना, त्यांची वाट वेगळी, पण हिस्टामिन सोडणाऱ्या पेशींना त्याही गप्प करतात. नवीन गोळ्या मेंदूत फारशा शिरत नाहीत, म्हणून त्या घ्या.

शीव कोळीवाड्याच्या एक मावशी अंगाला खाज सुटली म्हणून आल्या होत्या. त्यांनी स्टुलावर बसून हे सगळं ऐकून घेतलं. मग जांभई देत उठल्या. "गोळी राहू दे रे पोरा. तुझं ऐकूनच झोप आली."

मालक सावंतकाका आठवडाभर येईल त्याला हे सांगत होते.

*

पुढचा किस्सा सांगताना मी हसत नाही. दादरच्या एक मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, सासूबाई दुपारभर हाका मारतात, खाजेची ती झोप आणणारी गोळी देता का? मी तावातावानं सुरू झालो. म्हाताऱ्या माणसाचा त्या गोळीनं गोंधळ उडतो, तोल जातो, आणि तुम्ही माणसाला गप्प करायला औषध मागता? लाज वाटत नाही? मागे लाईन लागलेली, सगळे ऐकत होते.

मॅडम चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुमच्या घरी दुपारी कोण असतं हो?"

आणि गेल्या. मी मात्र दिवसभर फुशारून फिरलो.

*

माझ्या घरी दुपारी कोण असतं? घोडपदेवला एक खोली. तिच्यात माझी बायको मनाली, तिचा लॅपटॉप आणि भाऊ. भाऊ म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी मिलमध्ये मागाच्या खडखडाटात गेली, त्यामुळे त्यांना हळू बोलताच येत नाही. मनालीची मीटिंग सुरू झाली की यांची गुडघेदुखी सुरू. तिच्या ऑफिसात भाऊंचा गुडघा सगळ्यांना पाठ झालेला! एक दिवस साहेबांनी तिला स्पष्टच सांगितलं, घरातून काम जमत नसेल तर विचार करा.

त्या संध्याकाळी मी तीच गोळी खिशात टाकून घरी आणली. होय, मीच. "भाऊ, खाजेची आहे. रोज दुपारी जेवणाआधी घ्या." त्यांना थोडी खाज होतीही. त्यांनी काही विचारलं नाही.

चौथ्या दिवशी जेवताना त्यांचा डोळा लागला, हात वरणात. उठले तर भिंत धरून. हे असं होणार हे मला तोंडपाठ होतं, रोज दुकानात मीच तर सांगायचो. तरी मी गोळी थांबवली नाही. अर्धी केली.

अर्धी मस्त लागू पडली. महिनाभर भाऊ दुपारी भिंतीकडे तोंड करून गाढ झोपायचे. मनालीचे साहेब खूश. मी दुकानातून मनालीला फोन करून विचारायचो, "दिलीस? झोपले?"

मग एका रविवारी मी कपडे भिजवायला घेतले. भाऊंच्या बंडीच्या खिशात अर्ध्या अर्ध्या गोळ्या निघाल्या. मूठभर. मी तसाच मूठ उघडी ठेवून त्यांच्यासमोर उभा राहिलो.

ते म्हणाले, "गोळी कित्याक रे? 'भाऊ, दुपारी गप पडून राहा,' इतकंच सांगायचं होतंस."

भाऊंनी मनालीच्या बंद लॅपटॉपकडे एकदा पाहिलं आणि जन्मात कधी नव्हे इतक्या हळू आवाजात विचारलं, "आज रविवार ना? मग आज बोललो तर चालेल?"