रविवारची सवत

रविवारी सकाळचं आवरत आलं की कसबा बावड्यातल्या आमच्या घरासमोर स्कूटरचा हॉर्न वाजायचा आणि तिथून दिवेलागणीपर्यंत माझा नवरा माझा नसायचा. हॉर्न वाजवणारे ते दिनकरभाऊजी, ह्यांचे शाळेपासूनचे मित्र. गावात त्यांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज होतं. फाटकातून आत कधी यायचे नाहीत. ह्यांनी चपला घातल्या की स्कूटर सुरू. मनातल्या मनात मी त्यांना सवत म्हणायचे.

दोघे आणि आणखी दोन मित्र दुपारचा खेळ बघायचे, मग खानावळीत मटणाचं जेवण, मग रंकाळ्यावर गप्पा. सिनेमा कोणता, याला भाऊजींच्या लेखी महत्त्व नव्हतं. "पिच्चर कसला का असंना, बघणारी माणसं आपली पायजेत," असं ते म्हणायचे. त्या माणसांत मी नव्हते. संध्याकाळी हे परत यायचे तेव्हा फाटकापर्यंत चेहऱ्यावर हसू असायचं, चपला काढेपर्यंत ते मावळायचं. "कसा होता सिनेमा?" विचारलं की "बरा होता." एवढंच माझ्या वाट्याला.

एकदा न राहवून मी फाटकाशी म्हणाले, "भाऊजी, तुम्ही माझी सवत आहात."

त्यांनी स्कूटर बंद केली आणि शांतपणे म्हणाले, "आसंना. पर थोरली मी हाय, वहिनी. तुम्ही मागनं आलाय."

आता या माणसावर रागवायचं तरी कसं? मी हसले, पण जळायची थांबले नाही.

एका रविवारी हे तापानं पडले. तिकिटं आधीच काढलेली. भाऊजी रस्त्याकडच्या खिडकीशी येऊन म्हणाले, "वहिनी, खुर्ची रिकामी जातीया. तुम्ही चला." कॉटवरून हे म्हणाले, "जा की. मी झोपतो." पन्नाशीतल्या बाईला कोण काय म्हणणार, म्हणून पेज करून ठेवली आणि गेले.

सिनेमा खरंच बरा होता. खानावळीत पांढरा रस्सा आला, तरी तिघेही नुसते भाकरी कुस्करत बसले. मग एक मित्र म्हणाला, "आज चवच न्हाय. सांगणारा न्हाय न्हवं." मला कळेना. तेव्हा भाऊजींनी सांगितलं, की दर रविवारी जेवताना माझा नवरा बघून आलेला सिनेमा पुन्हा सांगतो. सगळ्यांचे आवाज काढून, नायिकेचासुद्धा. शेजारच्या टेबलावरची माणसं हात थांबवून ऐकतात.

"कोण? हे?" माझा घास हातातच राहिला.

"घरात सांगत न्हाय व्हय?" भाऊजींनी विचारलं.

"घरात बरा होता म्हणतात."

इतकी वर्षं मी ज्याच्यासोबत संसार केला, तो माणूस या टेबलावरच्या सगळ्यांना माहीत होता, मला सोडून.

पुढच्या रविवारी सिनेमाहून परतल्यावर भाऊजी पहिल्यांदा घरात आले, ते ह्यांना घेऊन थेट स्वयंपाकघरात. "सांग आता. वहिनींस्नी पिच्चर सांग."

"तिला काय आवडतंय असलं," हे पुटपुटले.

"इचारलंस कवा?"

हे अडखळत सुरू झाले आणि मग रंगले. आमटी उतू गेली, मला डोळे पुसेपर्यंत हसू आलं. त्यानंतर हा नेमच झाला. भाऊजींनी माझा अर्धा रविवार मला परत आणून दिला, हे मी विसरणार नाही. पण सांगताना हे बघायचे भाऊजींकडेच. ते हसले की ह्यांचा आवाज चढायचा. माझं हसणं वरकड होतं.

गेल्या वर्षी भाऊजी गॅरेजमध्ये काम करता करता गेले. हृदयविकाराचा झटका. हे माझ्यासमोर रडले नाहीत. रविवारी नुसते पायरीवर बसून राहायचे. सिनेमा नाही, बोलणं नाही. शेवटी मीच फोनवरून दोन तिकिटं काढली आणि म्हणाले, "चला."

सिनेमा बघून खानावळीत गेलो. हे ताटाकडे बघत बसले. मग एकाएकी म्हणाले, "दिन्याला ह्यो हिरो अजिबात पटला नसता," आणि हिरो बाजूला ठेवून दिनकरभाऊजींचीच नक्कल करू लागले. तोच घोगरा आवाज, तीच मान वाकडी करायची ढब. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. मी हसत होते, डोळे भरून येत होते. आणि ह्यांची नजर या वेळी माझ्यावर होती.

तरीही आत काहीतरी जळतच होतं. मी गेल्यावर हे माझा आवाज असा कुणाला काढून दाखवतील का? विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. त्यांच्या वाटीत रस्सा वाढला आणि म्हणाले, "थांबू नका, पुढं सांगा."