चौतिसावा अनारसा

अनारसे पिठाची खोकी स्टोअरच्या मागच्या दाराकडे निघाली होती. मुक्ताबाईंनी मध्येच आपली ट्रॉली आडवी घातली.

"हे कुठं न्यायलाव म्याडम?"

"राइट-ऑफ आहे, मावशी." राइट-ऑफ म्हणजे माल हिशेबातून काढायचा आणि नष्ट करायचा. दिवाळीत मागवलेलं तयार पीठ उरलं होतं. तारीख महिनाअखेरची. पीठ चांगलं होतं, पण उन्हाळ्यात अनारसे कोणी करत नाही, असं हेड ऑफिसचं मत.

मी परभणीतल्या एका सुपरमार्केटची मॅनेजर. तारीख जवळ आलेला चांगला माल निम्म्या किमतीत विकायचा क्लिअरन्स रॅक मीच हट्टाने सुरू केलेला. मुक्ताबाई तिथलं पक्कं गिऱ्हाईक. मानवतला ब्लाउज शिवतात, दर आठवड्याला एसटीने येतात आणि पाकिटावरची तारीख माझ्याआधी वाचतात. बिलावर मिळालेली कूपनं त्या साखरेवर उधळत नाहीत. त्या दिवशी जपून ठेवलेली सगळी कूपनं खसखशीवर लावायला आल्या होत्या.

"परवा जावई येयलेत," त्या म्हणाल्या. "लेकीचा पहिलाच धोंड्याचा महिना हाय. तेहेतीस अनारसे द्यावे लागतेत. तांदूळ भिजायलाच तीन दिस जातेत, शिलाईच्या घाईत राहूनच गेलं बगा. इकतचे लय महाग. लेकीला सासरी कुणी बोलू न्हाई, एवढंच."

ते शेवटचं मला लागलं. पण राइट-ऑफचा माल वरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. मी तिथूनच एरिया मॅनेजरना फोन लावला.

"सर, अनारसे पीठ दोन दिवस रॅकवर लावू द्या."

"मे महिन्यात? कोण घेणार?"

"यंदा अधिक महिना आहे, सर. इकडे जावयाला तेहेतीस अनारसे देतात."

"प्रत्येक जावयाला?"

"प्रत्येक."

"तरीच सासूबाईंनी मला बोलावलंय," ते म्हणाले. "लावा. पण उरलं, तर तुमच्या रॅकचा विषय मीटिंगमध्ये येईल."

खोकी परत फिरली. मुक्ताबाईंनी आधी आपलं पीठ घेतलं. मग रॅकपाशीच उभं राहून बचत गटातल्या बायकांना फोन लावले. "तारीख बगून घ्या आन् लगीच तळा," असंही बजावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रॅक रिकामा झाला. मीटिंगमध्ये त्याचा विषय निघाला, तो बाकीच्या स्टोअरनाही असा रॅक लावायला सांगण्यासाठी.

पुढच्या आठवड्यात मुक्ताबाई छोटा डबा घेऊन आल्या. जावई खूश होते, लेक हसत सासरी गेली होती. डब्यात एकच अनारसा होता.

"तेहेतीस त्येंचे. ह्यो चौतिसावा तुमचा."

मी तो काउंटरमागे उभ्यानेच खाल्ला. माझा रॅक वाचवला त्यांनी, आणि आभार मानायला आल्या त्याच. मला फार बरं वाटलं.

आता आमच्या सिस्टीममध्ये अधिक महिन्याची नोंद आहे. पुढच्या वेळी पीठ वेळेवर, ताजं येईल. पूर्ण किमतीचं असल्यामुळे मुक्ताबाई ते घेणार नाहीत. त्यांच्यासाठी कूपन काढावं लागेल.