रिकाम्या आकाशात परखी

आप्पांचा कुणावरच भरोसा नाही, आणि वडिलांचा तेवढा एक गुण मी पुरेपूर उचललाय. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांची अडत आहे. तुरीचं पोतं आलं की आधी परखी. म्हणजे टोकदार, पन्हाळीसारखी लोखंडी सळई; पोत्याच्या पोटात खुपसायची आणि आतला माल तळहातावर घ्यायचा. "वरचा माल दाखवायचा असतोय," ते म्हणतात, "खालचा खरा." समोरचा कितीही तणतणू दे, परखी तीन ठिकाणी जाणारच.

मी नांदेडला पीएच.डी. करते. लांबच्या दीर्घिकांचे समूह क्ष-किरण सोडतात, पण आपली हवा ते मध्येच गिळते, म्हणून दुर्बीण अवकाशात ठेवावी लागते. तिची मापं काही महिन्यांनी कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. आप्पांना पहिल्यापासून शक. "फुकट द्यायलेत? मग माल बघून घे."

गेल्या वर्षी माझ्या आलेखात एक बारका उंचवटा दिसला. ओळखीचं कुठलंच मूलद्रव्य त्या जागी चमकत नाही. दीर्घिकांना धरून ठेवणारं, पण कुणालाच न दिसलेलं जे कृष्णद्रव्य म्हणतात, त्याची खूण अशीच असू शकते. सरांना दाखवलं तर त्यांनी तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी चहा मागवला. मला संशय तिथंच यायला हवा होता.

माझी शिष्यवृत्ती दिवाळीला संपणार होती. पेपर छापून आला तर बेंगळुरूला पुढची जागा. नाही तर उदगीर, आणि आईनं काढून ठेवलेली स्थळं. आनंदाच्या भरात मी फोनवर आप्पांना सांगून बसले. मूर्खपणा! दुसऱ्या दिवशी अख्ख्या मोंढ्याला कळलं की अडत्याच्या पोरीला आकाशात काहीतरी सापडलंय.

पेपर लिहून झाला, पण तो पाठवायला माझं मन घेईना. उंचवटा फारच गुणी वाटत होता. आकाशातली खरी गोष्ट इतकी सरळ नसते. "मॅडम," सर म्हणाले, "असल्या शंका काढत बसलात तर पेपर म्हातारपणी छापून येईल." त्यांना घाई का, याचाही मला संशय. शेवटी एका दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी त्याच दुर्बिणीची, त्याच वर्षीची एक वेगळी फाइल उघडली. आकाशाचा रिकामा तुकडा. समूह नाही, काही नाही.

उंचवटा तिथंही होता. बेशरम!

मग कळलं. दुर्बिणीच्या कॅमेऱ्याची स्वतःचीच थोडी चमक असते, ती मापातून वजा करावी लागते. त्यासाठी आमच्या लॅबमध्ये एक तयार फाइल होती. थोरल्या विद्यार्थ्यांकडून धाकट्यांकडे चालत आलेली, वारशातल्या भांड्यासारखी. ती कधीची, हे कुणी विचारलंच नव्हतं. मध्यंतरी कॅमेरा म्हातारा झाला, त्याची चमक बदलली. आम्ही जुनी चमक वजा करत होतो, आणि जी उरली तिला आकाश म्हणत होतो. दुनियेवर शक घेणारी मी, घरच्या फाइलवर घेतला नव्हता.

मी रडले, सरळ सांगते. मग उदगीरची बस धरली.

आप्पा दुकानात एकटेच होते. सगळं ऐकून म्हणाले, "किती पोती फोडली?"

"एकच."

"मग? चांगला माल खराब ठरवला तर पाप लागत न्हाई का? आणखी दोन बघ."

माझं डोकं भडकलं. "आप्पा, मोंढ्यात सगळ्यांना सांगून बसलात, म्हणून म्हणताय ना?"

आप्पांनी तराजूजवळची गोणी सरकवून मला बसायला जागा केली. मी लॅपटॉप उघडला, मोबाइलच्या नेटवर आणखी दोन रिकामे तुकडे उतरवले. दीड तास गेला. दोन्हीकडे तोच उंचवटा, त्याच जागी. मी पडदा त्यांच्याकडे वळवला. आलेखातलं त्यांना ओ का ठो कळत नाही, पण त्यांनी तिन्ही उंचवट्यांवर एकेक बोट ठेवलं आणि मान हलवली.

तेवढ्यात समोरच्या दुकानातून हाक आली, "आप्पा, काय म्हणतंय आकाश?"

"खोटं निघालं!" आप्पा ओरडून म्हणाले. "आमच्या पोरीनंच धरलं. मोठे मोठे सायेब फसले होते."

त्या आवाजात मी उसनं अवसान शोधत होते. सवयच ती. सापडलं नाही.

मी सरांना तिथूनच फोन लावला आणि पेपर पाठवू नका म्हणाले. सरांनी एवढंच म्हटलं, "मग दिवाळीनंतर काय करणार?" "बघते," म्हणून मी फोन ठेवला.

आप्पांनी ऐकलं होतं. "चारची गाडी हाय नांदेडला," ते म्हणाले. "दिवाळीनंतरबी तिथंच ऱ्हा. खोली, जेवण, मी बघतो. पावण्यांना नको म्हणून कळवतो. तुझ्या आईलाबी मीच सांगतो."

"खरंच?" मी डोळ्यांत डोळे घालून विचारलं.

आप्पांनी भिंतीवर टांगलेली परखी काढून माझ्या हातात दिली.

"घाल," ते म्हणाले. "तीन ठिकाणी घाल."