जहर पचवलेला मामा

माझ्या मामाइतके मधमाश्यांचे चावे खाऊन हसणारा माणूस अख्ख्या नागपूर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. नरखेडकडच्या त्याच्या संत्र्याच्या बागेत बहर आला, की हा उघड्या अंगाने मोहोळात हात घाली आणि सुजलेलं तोंड घेऊन लग्नकार्यातही मिरवे. माझ्या लग्नाच्या फोटोत त्याचा एक डोळा मिटलेलाच आहे. मामा विहीणबाईंना डोळा मारतोय, असं निम्म्या वऱ्हाडाला वाटलं होतं. गुडघे दुखले की दोन माश्या धरून गुडघ्यावर चावून घेई. "इतक्या वर्साचं जहर पचवलं गा भाच्या, रगत पक्कं झालं माह्यं," म्हणे. वयाबरोबर माणूस लोणच्यासारखा मुरतो, अशी त्याची ठाम समजूत होती.

पासष्टी उलटल्यावर मात्र एकाच चाव्याने अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली आणि तो बांधावरच कोसळला. नागपूरच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "तरुणपणी सोसलं म्हणून आता सोसेल असं नाही. अशा वेळी रक्तदाब एकदम पडतो. या वयाचं हृदय, त्यात बीपीच्या गोळ्या. सावरणं कठीण जातं. बहरात बागेत जाऊ नका. चावलंच, तर तडक दवाखाना." बाहेर आल्यावर मामा म्हणाला, "पोरगा आहे थो. त्याले माश्या काय मालूम?" मामी पदराने डोळे पुसत राहिली.

पुढच्या बहराला मामीने त्याच्या चपला लपवल्या. "घरात जीव लागून नाही राहिला माह्या," म्हणत हा अनवाणी गेला. माशी चावली, तेव्हा त्याने जन्मभर केलं तेच केलं. तंबाखूच्या डबीतला चुना लावला आणि "जरासा पडतो, उतरन," म्हणून झाडाखाली आडवा झाला. मामीने ओरडून गाडी आणवली, तोवर त्याचे ओठ निळे पडले होते. काटोलचा दवाखाना यायच्या आधीच तो गेला.

तेरावं झाल्यावर भाऊबंद ते मोहोळ जाळायला निघाले. मामी वाटेत उभी राहिली. "त्यायचा काय दोष गा? यायनं सोताचं वय सोताले तरी कधी सांगतलं? मंग माश्यायले काय मालूम, मानूस म्हातारा झाला म्हून?" सगळे परतले. मामाची मला फार आठवण येते. यंदाही मोहोळ मधाने भरलं, पण काढायला कुणी गेलं नाही.