शालीखालचा माइक: कोळगाव आणि पामची चित्रीकरण सहल

"परिषदेत बोलणार आहे. व्हिडिओवाला परवडत नाही. येशील?" मेधाचा फोन आला आणि मी बॅग भरली.

मेधा माझी नाशिकची वर्गमैत्रीण. आता बोईसरजवळ पाम गावात पहिलीला शिकवते. मुलं घरी बोलतात ती बोली वर्गातही चालू द्यावी, हा तिचा विषय. गावात मात्र कुजबुज, बाई पोरांची भाषा बिघडवतात! कारखान्यात पाळीला जाणाऱ्या आया काही परिषदेला येणार नव्हत्या, त्यांना व्हिडिओच दाखवायचा होता. तो पटला नाही, तर मुलं दुसऱ्या शाळेत जाणार होती.

नाशिकहून जव्हार, विक्रमगड, मनोर असा रस्ता धरा. वळणं भरपूर, गर्दी कमी. जव्हारला चहा घ्या, पण भूक पालघरच्या बोंबलाच्या कालवणासाठी राखून ठेवा. सामान म्हणाल तर फोन, स्टँड आणि कॉलरला लावायचा माइक. माइक बऱ्या चपलांपेक्षा स्वस्तात मिळतो. खर्च करायचाच तर आवाजावर करा. चित्र थोडं अंधुक असलं तर लोक सोसतात, आवाज फाटला की बंद करतात.

परिषद पालघरलगत कोळगावला होती. सभागृह छान, उजेड भरपूर. पण सत्कार केल्याशिवाय आपण कुणाला बोलू देतो होय! मेधाच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. शाल लगेच काढणं बरं दिसत नाही, म्हणून ती तशीच बोलली. माइक जोडल्यावर माझ्या फोनला हेडफोन लावायला जागा उरत नाही. जेवणाच्या सुट्टीत ऐकलं, तर शाल माइकवर घासल्याची नुसती खरखर.

"संपलं सगळं," मेधा म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"काही संपलं नाही. तुझ्या भाषणाच्या स्लाइड्स आहेत, आवाज उद्या घेऊ."

दुसऱ्या दिवशी रविवार. पामच्या शाळेत आम्ही खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या, पंखा बंद केला. बाहेर एका टेम्पोचं इंजिन धडधडत होतं. मी विनंती केली.

"शूटिंग है क्या? लो, बंद कर दिया," म्हणत ड्रायव्हर दारात येऊन उभाच राहिला.

मेधाने कालचंच छापील भाषण सुरू केलं. मी थांबवलं. "इथे अध्यक्ष नाहीत. आयांशी बोल."

ती म्हणाली, "तुमची पोरं घरी बोलतात ना, तशीच शाळेत बोलली तरी काय बिघडत नाय." पुढे तिने कागदाकडे पाहिलंच नाही.

घरी येऊन फुकटच्या अ‍ॅपवर स्लाइड्स आणि आवाज जुळवले, लिंक असेल त्यालाच दिसेल असा व्हिडिओ टाकला आणि लिंक मेधाला पाठवली. भाड्याच्या मोठ्या कॅमेऱ्याशिवाय व्हिडिओ होत नाही, हा माझा धाक या सहलीने कायमचा घालवला. पण व्हिडिओ आयांना पटेल का, ही धाकधूक होतीच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेधाने एका आईचा आवाजी निरोप पुढे पाठवला. "बाई, दोनदा आयकला. पोराला कुठं नेत नाय मी. पण एक इचारू? मोठ्या बायांना पण शिकवता काय? मला वाचाया शिकायचा हाय."